बटाटा, पेरॉक्साइड आणि सोलापूरचा उकाडा: विकरांचा वेग घरी कसा मोजायचा

अकरावी-बारावीच्या प्रकल्पाला किंवा विज्ञान प्रदर्शनाला 'तापमानाचा विकरांवर होणारा परिणाम' हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. विकर, म्हणजे एन्झाइम, हे सजीवांतल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारं द्रव्य. विषय चांगला आहे. सामान स्वस्त, निकाल डोळ्यांना दिसतो, आणि बटाटा सगळ्या घरांत चालतो. पण या प्रकल्पांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं: प्रयोग खोलीच्या तापमानाला केला. सोलापुरात असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर गेला की पत्र्याखालची खोली वेगळी, स्लॅबखालची वेगळी, आणि गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्यात तर हात घालवत नाही. डिसेंबरच्या पहाटे त्याच नळाचं पाणी बोटं गारठवतं. पुस्तकातली २५ अंशांची खोली आपल्याकडे वर्षातले थोडेच दिवस असते.

म्हणून या लेखाचा भर एकाच गोष्टीवर आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या जागच्या जागी धरून ठेवायच्या, आणि त्या धरून ठेवल्या हे आकड्यांनी दाखवायचं. रसायनं आणि गणित सोपं आहे, कस लागतो तो इथे.

मोजायचं काय

पेशीत रोजचे व्यवहार चालू असताना थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. ते साठलं तर पेशीलाच मारतं. म्हणून जवळजवळ प्रत्येक सजीवाच्या पेशीत कॅटलेज नावाचं विकर असतं. पेरॉक्साइडचे दोन रेणू घेऊन ते पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू करून टाकतं, आणि स्वतः पुढच्या जोडीसाठी मोकळं होतं. त्याचा वेग अफाट आहे: एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर पांढरा फेस येतो तो याच ऑक्सिजनचा.

विकर हे प्रथिन असतं, हे जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून दाखवलं. १९३७ मध्ये त्यांनी आणि अलेक्झांडर डाउन्स यांनी कॅटलेजचेही स्फटिक मिळवले. समनर यांना १९४६ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याला यातली एवढीच गोष्ट हवी की कॅटलेज प्रथिन आहे. प्रथिनाची घडी ठरावीक असते. उष्णतेने किंवा आम्लाने ती विस्कटली की काम थांबतं.

सोलापूरकरांना हे विकर परकं वाटू नये. इथल्या टेरी टॉवेलचं सूत पांढरं करायला पेरॉक्साइड वापरतात. पुढे रंग चढवण्याआधी कापडात उरलेलं पेरॉक्साइड काढावं लागतं, नाहीतर रंग नीट धरत नाही. हे उरलेलं पेरॉक्साइड काढण्यासाठी कापडधंद्यात कॅटलेजच वापरलं जातं. त्यामुळे बटाट्याच्या रसावर तुम्ही जे मोजणार आहात, तोच हिशेब कापड पांढरं करून रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्येही मांडावा लागतो: पाणी किती गरम, सामू (म्हणजे pH, आम्ल-अल्कधर्माचा आकडा) किती, आणि विकर किती वेळ टिकेल.

सामान

मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली घ्या. तिच्यावर बहुधा ६ टक्के किंवा २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. २० व्हॉल्यूम म्हणजे १ मिली द्रावणातून साधारण २० मिली ऑक्सिजन निघू शकतो. तारीख बघून ताजी बाटली घ्या आणि एका प्रयोगाला एकच बाटली वापरा. पेरॉक्साइड उन्हाने आणि उष्णतेने आपोआप फुटत राहतं. आपल्या उन्हाळ्यात उघड्या फळीवर ठेवलेली बाटली महिनाभरात किती उतरली असेल याचा नेम नाही. ती फ्रिजच्या दारात, मूळ गडद बाटलीतच, झाकण लावून आणि वर ठळक नाव लिहून ठेवा.

ओळखीच्या कुणाच्या प्रोसेस हाऊसमधून 'थोडंसं' पेरॉक्साइड आणायचा मोह मात्र टाळा. तिथलं द्रावण ५० टक्क्यांपर्यंत तीव्र असतं. ते कातडी जाळतं, डोळ्यांत गेलं तर डोळा जाऊ शकतो, आणि कापडाला किंवा लाकडाला लागलं तर पेट घेऊ शकतं. घरच्या प्रयोगाला ६ टक्क्यांच्या वर जायची काहीच गरज नाही. ६ टक्केही बोटाला लागलं तर कातडी पांढरी पडून चुरचुरते. चष्मा लावा, हातमोजे घाला.

बटाटे लक्ष्मी मंडईतून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या गाड्यावरून, पण एकच मोठा, घट्ट, हिरवा न पडलेला बटाटा निवडा आणि पूर्ण प्रयोग त्या एकावरच करा. कोल्ड स्टोरेजमधला जुना आणि शेतातून नुकता आलेला, यांच्यातल्या विकराचं प्रमाण सारखं नसतं. दोन बटाटे मिसळले की एक गोष्ट तुमच्या नकळत बदलली. कलेजीत कॅटलेज बटाट्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, पण तो रस भरपूर पातळ करावा लागतो, आणि पुष्कळ घरांत ती ओट्यावर येणारही नाही. मोड आलेली मटकीही चालते.

ज्वारीचे मोड या प्रयोगाला घेऊ नका. मंगळवेढ्याची ज्वारी आपली म्हणून तो मोह होणारच. पण कोवळ्या ज्वारीत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. जनावराला किरळ लागते, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा होते, ती त्यामुळेच. आणि सायनाइड हे कॅटलेजचं काम बंद पाडणाऱ्या विषांपैकी एक. तुम्ही तापमान मोजायला बसाल आणि मोजाल भलतंच.

याशिवाय हवं: फिल्टर पेपर, कागदाला भोकं पाडायचा पंच, बोथट चिमटा, सहा-आठ सारख्या आकाराच्या परीक्षानळ्या, १० मिलीची सिरिंज सुईशिवाय, स्टॉपवॉच म्हणून मोबाइल, आणि प्रयोगशाळेतला शून्याखालून ११० अंशांपर्यंत जाणारा थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर इथे बिनकामाचा, तो ३५ ते ४२ च्या पलीकडे जात नाही. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. बोअरचं पाणी जड असतं, बरेचदा थोडं अल्कधर्मीही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. शिवाय पाणी रोज येत नाही, म्हणजे आज टाकीत एक आणि चार दिवसांनी दुसरं. डिस्टिल्ड वापरलं की हा सगळा गुंता सुटतो.

सुरुवात जिवंत ऊतीपासून

रस काढण्याआधी बटाटा ऊती म्हणून बघा. तीन परीक्षानळ्या घ्या. एकीत कच्च्या बटाट्याचा १ सेंमीचा चौकोनी तुकडा, दुसरीत तेवढाच तुकडा बारीक चिरून, तिसरीत तेवढाच तुकडा पाण्यात दहा मिनिटं उकळून गार केलेला. तिन्हींत ५-५ मिली पेरॉक्साइड घाला.

अख्ख्या तुकड्यावर बारीक बुडबुडे चिकटून राहतात आणि सावकाश सुटतात. चिरलेल्यात फेस नळीत वर चढतो. उकडलेल्यात जवळजवळ काहीच होत नाही. पहिल्या दोघांत विकर तेवढंच आहे, पण पेरॉक्साइडला आत शिरायला वाट किती मोकळी आहे ते वेगळं. चिरलं की पेशी फुटतात आणि विकर बाहेर येतं. म्हणजे तुकड्यांवर तापमानाचा प्रयोग केलात आणि एक तुकडा मोठा, एक लहान झाला, तर सुरीचा परिणाम तापमानाच्या नावावर जमा होईल. यासाठीच पुढची मोजमापं रसावर करायची. अहवालात हे कारण लिहा. परीक्षक 'जिवंत ऊती म्हणता आणि रस का वापरला?' हे विचारतातच.

रस आणि चकत्या

सोललेला ५० ग्रॅम बटाटा किसा, त्यात फ्रिजमधलं थंड डिस्टिल्ड पाणी ५० मिली घाला, मिक्सरमध्ये थोडं थोडं थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधीच विकराला चटका बसतो. स्वच्छ सुती फडक्यातून गाळा. दहा मिनिटं बर्फात ठेवलं की स्टार्च तळाशी बसतो. वरचा रस हळूच दुसऱ्या भांड्यात ओता आणि शेवटपर्यंत बर्फातच राहू द्या. रस तांबूस, मग काळसर पडेल. घाबरू नका, ते बटाट्यातल्या दुसऱ्याच एका विकराचं काम. तरी तास-दीड तासात प्रयोग उरकलेला बरा.

फिल्टर पेपरच्या चकत्या पंचने पाडा. सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच पंचच्या.

आता मोजायची रीत. परीक्षानळीत ३ टक्के पेरॉक्साइड १० मिली घ्या. ६ टक्क्यांचं ३ करायला निम्मं पेरॉक्साइड, निम्मं डिस्टिल्ड पाणी. चिमट्याने चकती रसात पाच सेकंद बुडवा, भांड्याच्या काठाला टेकवून जादा रस निथळू द्या, आणि पेरॉक्साइडच्या तळाशी नेऊन सोडा. सोडल्या क्षणी घड्याळ सुरू.

पहिले काही सेकंद चकती तळाशी निपचित पडलेली असते. मग तिच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसू लागतात. एखादी कड उचलली जाते, चकती तिरकी होते, एक बुडबुडा निसटला की पुन्हा बसते, आणि मग एकदम सुटून वर येते. पृष्ठभागाला टेकली की घड्याळ बंद. जेवढा ऑक्सिजन लवकर, तेवढी चकती लवकर वर. वेग काढायचा तर १ भागिले सेकंद. समजा चकतीला २० सेकंद लागले, तर वेग ०.०५. दहा लागले तर ०.१. आलेख या वेगाचा काढायचा, सेकंदांचा नव्हे. नाहीतर जास्त वेग म्हणजे खाली गेलेली रेघ असं उलटं चित्र होतं आणि बघणारा गोंधळतो.

खरा प्रयोग सुरू करण्याआधी एक चाचणी घ्या. चकती पाच सेकंदांच्या आत वर उसळत असेल तर रस पातळ करा, कारण इतक्या कमी वेळात घड्याळ दाबण्यातलाच फरक मोठा ठरतो. मिनिटाहून जास्त लागत असेल तर कमी पाण्यात नवा, दाट रस काढा. साधारण १० ते ४० सेकंदांत येणारा रस मिळाला की तोच शेवटपर्यंत. मधे पातळ करायचा नाही.

तापमान

५, १५, २५, ३५, ४५, ५५ आणि ६५ अंश असे सात टप्पे धरा. प्रत्येक टप्प्याला थर्माकोलच्या खोक्यात किंवा मोठ्या पातेल्यात पाणी घ्या. गरम आणि गार पाणी मिसळून हवा तो आकडा आणा. भांडं जितकं मोठं तितकं तापमान टिकतं, पेल्यात केलेलं पाणी बघता बघता उतरतं. खालच्या टप्प्यांना बर्फ लागेलच. उन्हाळ्यात तर २५ अंशांसाठीही लागतो, ही आपल्याकडची गंमत. जमलं तर प्रयोग सकाळी लवकर करा.

पेरॉक्साइडची नळी आणि थोड्या रसाची दुसरी छोटी नळी, दोन्ही त्याच पाण्यात पाच मिनिटं ठेवा. फक्त पेरॉक्साइड गरम करून बर्फातला रस वापरला तर चकतीवरचं तापमान नेमकं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाच मिनिटं म्हणजे पाचच, प्रत्येक टप्प्याला तेवढीच. थर्मामीटर नळीच्या आत बुडवून आकडा बघा, बाहेरच्या पाण्याचा नको. ४५ ठरवलं आणि नळीत ४३ निघालं, तर वहीत ४३ लिहा. ठरवलेला आकडा लिहिणाऱ्यांचे आलेख देखणे येतात, पण खोटे असतात.

प्रत्येक टप्प्याला निदान तीन चकत्या. तिन्ही वेळा लिहा, मग सरासरी. तीन मिनिटांत वर न आलेली चकती 'वर आली नाही' अशी नोंदवा, तिचा वेग शून्य धरा.

आणि प्रत्येक टप्प्याला चौथी चकती उकळून गार केलेल्या रसात बुडवलेली. ही चकती वगळली तर प्रयोग लंगडा होतो. ५५-६५ अंशांना पेरॉक्साइड स्वतःच थोडं फुटू लागतं, आणि गरम होताना द्रावणातली विरघळलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपात कागदाला चिकटते. विकर मेलेलं असूनही चकती वर येऊ शकते. उकळलेल्या रसाची चकतीही वर आली, तर त्या तापमानाला दिसणारा सगळा वेग विकराचा नाही हे सरळ कळतं. मग आलेखात दोन्ही रेघा शेजारी दाखवा.

आलेखात काय दिसेल? ५ अंशांपासून वेग वाढत जाईल, पुढे कुठेतरी शिखर येईल, मग घसरण. ६५ च्या आसपास बटाट्याचं कॅटलेज जवळजवळ बंद पडलेलं असतं. दर १० अंशांना वेग दुप्पट होतो हे तुम्ही वाचलं असेल. इथे तसं दिसलं नाही म्हणून आकडे 'दुरुस्त' करू नका. कॅटलेजच्या अभिक्रियेला सुरू होण्यासाठी लागणारी ऊर्जाच फार कमी असते, त्यामुळे तापमानाने तिच्या वेगात पडणारा फरक इतर पुष्कळ विकरांपेक्षा लहान असतो. शिवाय थंड द्रावणात ऑक्सिजन जास्त विरघळून राहतो आणि बुडबुडे उशिरा दिसतात. हा दोष आपल्या पद्धतीचा आहे, अहवालात तसं नमूद केलं की झालं.

शिखर ३५ आणि ४५ च्या मधे वाटलं तर तेवढ्या पट्ट्यात ३७, ४०, ४३ असे जवळचे टप्पे घ्या. आणि शिखराला पवित्र आकडा मानू नका. तो तुम्ही रस किती वेळ गरम पाण्यात ठेवला यावरही ठरतो. पाचऐवजी वीस मिनिटं ठेवलंत तर ४५ अंशांचा वेग खाली येईल आणि शिखर डावीकडे सरकेल, कारण घडी विस्कटायला वेळ लागतो. वेळ मिळाला तर नेमकं हेच करून बघा: एकच तापमान, ५० अंश, आणि रस त्यात २, ५, १०, २० मिनिटं. माझ्या मते सात टप्प्यांच्या त्या ठरलेल्या आलेखापेक्षा हा छोटा प्रयोग जास्त सांगतो.

गारठलेलं की मेलेलं

५ अंशांना वेग कमी आणि ६५ लाही कमी. वरवर दोन्ही सारखंच, पण कारणं वेगळी. ते दाखवायला फार काही लागत नाही. ५ अंशांतली रसाची नळी काढून ३० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि ३० अंशांच्या पेरॉक्साइडमध्ये चकती सोडा. ६५ अंशांतल्या रसाचंही तेच करा. गारठलेला रस पूर्ववत काम करतो. तापलेला बहुतांशी तसाच पडून राहतो. थंडीत रेणूंची हालचाल मंदावते, घडी शाबूत असते. उष्णतेत घडीच मोडते. प्रदर्शनात टेबलावर एवढं करून दाखवलं तरी बघणारे थांबतात, तक्त्यांपुढे कुणी थांबत नाही.

सामू

सामूच्या प्रयोगात तापमान एकच धरायचं. ३० अंश सोयीचं.

घरगुती सामान वापरायचं तर लिंबाचा रस सामू २ ते ३ च्या आसपास, खायचा सोडा ८ च्या थोडा वर, धुण्याचा सोडा ११ च्या आसपास. सामूचा कागद सायंटिफिकच्या दुकानात मिळतो. पण लिंबू आणि सोडा एकमेकांत मिसळून मधले आकडे काढायला जाऊ नका. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि चकतीला तो बुडबुडा ऑक्सिजनचा आहे की कशाचा याच्याशी काही देणंघेणं नसतं. लिंबात चकती झपाट्याने वर आली म्हणून विकराला आम्ल आवडतं, असा निष्कर्ष याच वाटेने निघतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर सायट्रेट-फॉस्फेट बफर, म्हणजे सामू एका आकड्यावर धरून ठेवणारं द्रावण, मागा किंवा बनवा. दोन द्रावणं लागतात. सायट्रिक आम्ल, एक पाणी-रेणू असलेलं, लिटरला २१ ग्रॅम. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, निर्जल असेल तर लिटरला २८.४ ग्रॅम. २० मिली बफरसाठी फॉस्फेट असं घ्या आणि उरलेलं सायट्रिक आम्लाने भरा: सामू ३ ला ४.१ मिली, ४ ला ७.७, ५ ला १०.३, ६ ला १२.६, ७ ला १६.५, ८ ला १९.५. बनवल्यावर कागदाने तपासाच.

आता १ मिली रसात १ मिली बफर मिसळून पाच मिनिटं ठेवा. नळीतही ६ टक्के पेरॉक्साइड ५ मिली आणि तोच बफर ५ मिली, म्हणजे शेवटी ३ टक्केच राहतं. कॅटलेज साधारण ७ च्या आसपास जोमात असतं. ४ च्या खाली ते ढेपाळताना दिसेल.

अल्कधर्मी बाजूला एक खड्डा आहे. पेरॉक्साइड अल्कात स्वतःच वेगाने फुटतं. टॉवेलच्या ब्लीचिंगमध्ये कॉस्टिक घालून सामू १०-११ पर्यंत नेतात ते पेरॉक्साइडला कामाला लावण्यासाठीच, आणि मग ते एकदम फुटून वाया जाऊ नये म्हणून सोबत सोडियम सिलिकेटसारखा आवर घालावा लागतो. म्हणून ८ च्या वर जाणार असाल तर उकळलेल्या रसाची चकती इथेही हवीच. धुण्याच्या सोड्यात ती चकतीसुद्धा वर येताना दिसली तर आश्चर्य नको.

मीठ, मोरचूद, पेरॉक्साइडची तीव्रता

या तिन्हींत पेरॉक्साइडच्या तीव्रतेचा प्रयोग सोपा आहे. ६ टक्क्यांपासून निम्मं-निम्मं करत ३, १.५, ०.७५ करा. वेग आधी वाढतो, मग वाढ मंदावते, कारण विकराचे सगळे रेणू आधीच गुंतलेले असतात. फार तीव्र पेरॉक्साइड उलट विकरालाच निकामी करतं.

मिठाच्या पाण्यात द्रावण जड होतं आणि चकती एरवीपेक्षा लवकर तरंगते. उकळलेल्या रसाची चकती ते पकडून देईल. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षबागायतदारांच्या घरात असतोच, आणि तांब्याने विकर मंदावतं हे खरं. पण तांबं पेरॉक्साइडलाही फोडतं, आणि मोरचूद पोटात गेला तर विषारी. नवख्याने तो शाळेच्या प्रयोगशाळेतच, शिक्षक समोर असताना वापरावा.

डाळिंबाच्या पानांवर किंवा सालीवर हाच प्रयोग करायची इच्छा बऱ्याच जणांना होते. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या जिल्ह्यात ती व्हावीच. पण डाळिंबाच्या सालीत आणि पानात टॅनिन भरपूर. वाटल्याबरोबर ते प्रथिनांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतं. रसात विकर दिसलं नाही तर ते झाडात नव्हतं की टॅनिनने धरून ठेवलं, हे घरी ठरवता येत नाही. आधी बटाट्यावर हात बसू द्या.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, आणि खोलीचं तापमान अंशांत. बटाटा कुठला, कधी आणला. पेरॉक्साइडची टक्केवारी आणि बाटलीवरची तारीख. प्रत्येक चकतीचा स्वतंत्र वेळ, फक्त सरासरी नको. तीन वेळा १४, १५ आणि ३१ सेकंद आले तर ३१ खोडू नका. चकती कडेला चिकटली होती का, दोन चकत्या जोडून आल्या होत्या का, ते शेजारी लिहा आणि चौथी घ्या.

निष्कर्ष लिहिताना 'बटाट्याच्या रसातलं कॅटलेज, पाच मिनिटं ठेवल्यावर, या तापमानाला सर्वांत वेगवान दिसलं' इतकंच लिहा. 'सर्व विकरं या तापमानाला उत्तम काम करतात' असं लिहिलं की परीक्षकाच्या हातात आयता प्रश्न गेला. गरम झऱ्यांतल्या जिवाणूंची विकरं ७० अंशांच्या वरही ठणठणीत असतात.

आवरताना

रस आणि पेरॉक्साइड एकत्र करून कधीही झाकणाच्या बाटलीत भरू नका. ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटते. वापरलेलं द्रावण मोठ्या बादलीत पाणी घालून पातळ करा आणि मोरीत सोडा. मोरचूद वापरला असेल तर तो मोरीत नको, वेगळ्या बाटलीत नाव लिहून प्रयोगशाळेत द्या. शिल्लक बटाटा पेरॉक्साइड न लागलेला असेल तरच भाजीला. उरलेली बाटली घट्ट झाकण लावून परत फ्रिजच्या दारात, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात.